परवापर्यंत पूर्ववत

सोमवार, सकाळी १०.५८

सोमवारी सकाळी दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ताराचंद धकाते हा इसम एकात्मिक दाखले केंद्राच्या खिडकी क्रमांक चारसमोर उभा होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. ती निर्विवाद आहे, कारण ती अकराच्या आधीची आहे. अकरानंतरच्या गोष्टींबद्दल नागपुरात दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांवर शिक्के आहेत.

ताराचंदचे वडील उमरेडला लुगडी विणत, त्यामुळे त्यांच्या हाती सूत होतं ते धाग्याचं. ताराचंदच्या हाती आलं ते मोजपट्टीचं, इंचाचा आठवा भाग. लकडगंजातल्या प्लायवूडच्या गोदामात तो माल मोजून द्यायचा, आणि अठ्ठावीस वर्षांत एक सूत इकडचं तिकडे झालं नाही, हे गिऱ्हाईकही सांगत आणि तोही सांगे, कोणी विचारलं नाही तरी.

त्याची मुलगी रुचिका हिला नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजात स्थानिकांसाठीची एकच जागा उरली होती आणि प्रतीक्षायादीत पहिलं नाव रुचिकाचं होतं, त्र्याऐंशी पूर्णांक पाच दशांश टक्के. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत रहिवासी दाखला दिला की जागा तिची. अर्ज करून अठरा दिवस झाले होते.

"काका, बसा ना," खिडकीतली दीक्षा म्हणाली. "साहेबांची सही होऊन राहिली."

"मले गोदामात जायचं आहे, बाई."

"सही झाली की मोबाईलवर मेसेज येते. उद्या येऊन घेऊन जा."

ताराचंदनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकराला अर्धं मिनिट कमी होतं. तो वळला आणि

*[नोंद येथे संपते.]*

सोमवार, अकरानंतर

यापुढचा मजकूर संबंधितांच्या सांगण्यावरून भरला आहे. ताराचंदचं सांगणं असं, की अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या मोबाईलवर संदेश आला : "आपला दाखला तयार आहे." त्यानं तो गोदामात चौघांना दाखवला. संध्याकाळी घरी पेढे आणले, अर्धा पाव.

मंगळवार

मंगळवारी केंद्रात स्वच्छता पंधरवड्याचा शेवटचा दिवस होता. प्रत्येक कार्यालयानं निरुपयोगी फायली काढून टाकाव्यात आणि त्याचं छायाचित्र वर पाठवावं, असा आदेश होता. कागदी फायली गेल्या वर्षीच्या पंधरवड्यातच संपल्या होत्या. कपाटं इतकी स्वच्छ होती, की त्यात आता कर्मचाऱ्यांचे डबे ठेवत. उरला फक्त सर्व्हर.

सर्व्हर सांभाळणारा रजत कंत्राटावर होता आणि बहिणीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, रामटेकला गेला होता. तेव्हा अधीक्षक मनोहरराव स्वतः खुर्चीवर बसले. तेहेतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी कोणतंही काम अर्धवट सोडलं नव्हतं, कारण सुरू केलं नव्हतं. आज मात्र ते पेटले. एका कप्प्यात त्यांना हजारो फायली दिसल्या. नावांच्या जागी नुसते आकडे. एकही फाईल कधी कोणी उघडलेली नाही. मनोहररावांनी कपाळाला हात लावला आणि त्या सगळ्या पुसून टाकल्या. शेजारच्या कप्प्यात एकच फाईल होती, पण भलतीच जाड. तीही गेली. मग त्यांनी हातात झाडू घेऊन संगणकासमोर छायाचित्र काढून घेतलं.

*[येथे आणखी एक परिच्छेद होता. तो कोणी उघडला नसल्याने काढून टाकण्यात आला.]*

ताराचंद दुपारी दाखला घ्यायला आला, तेव्हा दीक्षानं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर काहीच नव्हतं. म्हणजे शब्दशः काहीच नव्हतं.

"काका, तुमचं नाव दिसून नाही राहिलं."

"नीट पाय ना, बाई. धकाते."

"कोणाचंच नाव नाही दिसत, काका," दीक्षा हळू आवाजात म्हणाली. "नागपूरच नाही दिसून राहिलं."

बुधवार

बुधवारी रजत आला, त्यानं सर्व्हर पाहिला, आणि पाणी मागितलं.

"सर, असं आहे," पाणी पिऊन तो मनोहररावांना म्हणाला. "रविवारच्या रात्रीची पूर्ण कॉपी आहे आपल्याकडे. त्याच्यानंतर जे जे होते, ते मशीन एका वहीत लिहीत जाते. आपण कॉपी उघडायची आणि वही वाचत वाचत पुढे यायचं. पण वही सोमवारी अकराले संपते, तेवढीच दुसरीकडे ठेवली होती."

"पुढची वही?"

"ती तुम्ही काल झाडून टाकली."

मनोहररावांनी चष्मा काढला. "रजत, कार्यालयात कर्तरी प्रयोग करत नसतात. वही झाडली गेली."

"झाडली गेली, सर."

"हं. मग जितकं येतं तितकं परत आण. लेखी देतो."

आणि त्यांनी लेखी दिलं : *"प्रणालीतील माहितीची स्थिती परवापर्यंत पूर्ववत करण्यात यावी."* बुधवारपासून परवा म्हणजे सोमवार. हे त्यांना इतकं उघड वाटलं, की तारीख लिहिण्याची गरज भासली नाही. शिवाय तारीख न लिहिणं हे त्यांचं तत्त्व होतं. तारीख टाकली की कागद शिळा होतो आणि लिहिणारा सापडतो, हे ते नव्या लिपिकांना पहिल्याच दिवशी शिकवत. साहेबांनी सही केली आणि ते दौऱ्यावर निघाले.

कागद हातात घेऊन रजत जागीच थांबला. मनोहरराव जेवायला गेले होते. त्यानं साहेबांना फोन लावला.

"सर, ह्या ऑर्डरमध्ये परवा लिहिलं आहे. कोणता परवा, सर? गेलेला का येणारा?"

गाडीतून साहेबांचा आवाज आला. "रजत, शासन मागे जाताना पाहिलंय कधी?"

"नाही, सर."

"मग?"

रजतनं यंत्राला लक्ष्य दिलं : शुक्रवार, संध्याकाळी पाच. यंत्र इमानदार होतं. त्यानं रविवारची कॉपी उघडली, वही वाचत वाचत सोमवारी सकाळी अकरापर्यंत आलं, पुढचं पान शोधलं, आणि ते सापडेना तेव्हा पडद्यावर उमटलं : *लक्ष्यवेळ येण्यापूर्वीच नोंदी संपल्या. पुनर्स्थापना अपूर्ण.*

दुपारी तीन वाजता बैठक बसली.

"चूक दुरुस्त करू," रजत म्हणाला. "परवाच्या जागी सोमवार लिहून द्या. सोमवारी अकरापर्यंतचं सगळं बरोबर आहे. पुढचे दाखले पुन्हा काढू, दोन दिवसांचं तर काम आहे."

"साहेबांनी सही केलेल्या आदेशात चूक?" मनोहररावांनी विचारलं. प्रश्न असा विचारला गेला, की त्याचं उत्तर देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं होतं. "आणि वर अहवालात काय लिहू? तिथे दोनच रकाने आहेत. 'पूर्ण' आणि 'प्रगतिपथावर'. 'अपूर्ण' असा रकानाच नाही."

"पण सर, शुक्रवार अजून झाला नाही ना!"

"त्याच्यासाठीच आपण बसलो आहोत," मनोहरराव शांतपणे म्हणाले.

एकदा हे मान्य केलं की पुढचं सगळं सरळ होतं. वही सोमवारी अकराला संपते. लक्ष्य शुक्रवारी पाच आहे. मधल्या नोंदी नाहीत, म्हणून यंत्र अडलं आहे. तर मधल्या नोंदी भरून द्याव्यात. बुधवारपर्यंतच्या आठवून, आणि बुधवारनंतरच्या अंदाजे. नोंदी नागरिकांच्या असल्याने त्या नागरिकांनीच भराव्यात, म्हणजे पारदर्शकताही आली. नमुना तयार झाला.

नमुना प-२
*(सोमवार सकाळी ११ ते शुक्रवार सायंकाळी ५)*
*१. या काळात आपले काय झाले?*
*२. या काळात आपले काय होणार आहे?*
*३. वरील दोन्ही खरे आहे काय? (होय)*
*४. साक्षीदार क्र. १ ........ साक्षीदार क्र. २ ........*

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेळ वाचावा म्हणून छापूनच दिलं होतं.

गुरुवार

गुरुवारी सकाळी आठलाच रांग जिन्यावरून खाली उतरून रस्त्यावर आली. ताराचंद रुचिकाला घेऊन आला होता. त्यानं पहिल्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : "सोमवारी ११.४० वाजता माझी मुलगी रुचिका हिचा रहिवासी दाखला मंजूर झाला." दुसऱ्या रकान्यात लिहिलं : "दाखला घेऊन कॉलेजात जाणार."

दीक्षानं फॉर्म वाचला. "काका, मंजूर झाला याचा पुरावा?"

"हा मेसेज पाय ना. तारीख आहे, वेळ आहे."

"याच्यात 'तयार आहे' असं लिहिलं आहे. 'मंजूर आहे' असं नाही लिहिलं." दीक्षाला खरंच वाईट वाटत होतं. "दाखल्याची झेरॉक्स असंन तर द्या."

"अवं, झेरॉक्स असती तर मी दाखला काहून मागितला असता?"

"मग दोन साक्षीदार आणा. साक्षीदार असले की पुरावा नाही लागत."

साक्षीदार कुठून आणायचे? सोमवारी सही झाली तेव्हा आत साहेब होते, आणि साहेब दौऱ्यावर होते. ताराचंद रांगेबाहेर येऊन उभा राहिला, तोच मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला.

"काय झालं गा भाऊ? साक्षीदार नाही?" हा माणूस मनीषनगरचा. सुशील नाव. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात तर्री-पोह्याची प्लेट. "कायले टेन्शन घेता? तुमच्यावर मी करतो सही, माह्यावर तुम्ही करा. सगळे असंच करून राहिले. पोहे घ्या."

"पण तुम्ही तर पाहिलंच नाही सोमवारी काय झालं ते."

"तुम्ही खरं बोलून राहिले ना?"

"शंभर टक्के."

"बस! मले तुमच्या तोंडावरच दिसून राहिलं. आणा इकडे."

सुशीलनं सही ठोकली. दुसरा साक्षीदार त्याच्या पुढचा माणूस झाला, त्याच्या बदल्यात त्याला एक सही हवी होती, आणि त्याच्या बायकोला एक. बायकोच्या मागे तिची नणंद होती. ताराचंद भिडस्त. ज्यांनी आपल्याला हात दिला, त्यांना नाही कसं म्हणायचं? अकरापर्यंत रांगेत त्याचं नाव झालं. "त्या प्लायवूडवाल्या भाऊकडे जा, त्यांची सही छान येते."

सही खरंच छान यायची. सरळ, मोजून घेतल्यासारखी.

"बाबा, वाचून तर पाहा, कशावर करून राहिले," रुचिका म्हणाली.

"गप वं. लोकं आपल्याले मदत करून राहिले."

"मी म्हणून राहिली की फक्त वाचा."

"एका फॉर्मले पाच मिनिटं लागतात वाचायले. मागे रांग पाय किती आहे."

मागे रांग बरीच होती. आणि ती आनंदात होती. नागपुरात इतक्या लोकांचं इतकं चांगलं एकाच आठवड्यात कधी झालं नव्हतं. ज्यांचे अर्ज तीन वर्षं पडून होते, त्यांचे सोमवारी मंजूर झाले होते. ज्यांनी अर्ज केलेच नव्हते, त्यांचेही झाले होते. मूळ कागदपत्रं? ती सोमवारी तपासली गेली होती, तसं पहिल्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं. एका गृहस्थानं मंगळवारी आपलं वय चार वर्षांनी कमी करून घेतलं. एका आजींनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, "शुक्रवारी नळ येईल."

"आजी, नळाचा सर्व्हर वेगळा आहे," दीक्षा म्हणाली.

"मंग तो कधी बिघडते?"

कर्मचाऱ्यांनीही आपले नमुने भरले. गुरुवारची हजेरी, शुक्रवारची हजेरी. दीक्षानं शुक्रवारी सकाळची अर्धी रजा टाकली. मनोहररावांनी लिहिलं, "काम समाधानकारकरीत्या पूर्ण होईल," आणि साक्षीदार म्हणून स्वतःचीच सही केली, अधीक्षक या नात्यानं.

दुपारी चारपर्यंत ताराचंदनं सतरा फॉर्मांवर सह्या केल्या होत्या. एका खऱ्याला दोन सह्या लागतात आणि त्या मिळवायला सतरा द्याव्या लागतात, हा हिशेब त्याला मोजपट्टीवर बसवता आला नाही. पण पाचला दहा कमी असताना खिडकी क्रमांक चारमधून गरम, ताजा, शिक्क्याचा दाखला बाहेर आला, आणि तो हिशेब विसरला. रुचिकानं दाखला दोनदा वाचला. मग दुपट्ट्याच्या टोकानं त्याच्यावरचा एक न दिसणारा डाग पुसला.

आत, त्याच वेळी, रजतच्या पडद्यावर यंत्रानं लिहिलं : *लक्ष्यवेळ गाठली. शुक्रवार, सायंकाळी ५.००. पुनर्स्थापना पूर्ण.*

टाळ्या झाल्या. समोसे आले. मनोहररावांनी वर फोन करून 'पूर्ण' हा शब्द दोनदा उच्चारला.

"सर, एक प्रॉब्लेम आहे," रजत म्हणाला. "आपल्या सिस्टीमच्या हिशेबानं शुक्रवार संपला. आता ती शुक्रवारची नवी एंट्री घेत नाही. सोमवारीच उघडते."

"मग प्रॉब्लेम काय आहे?" दीक्षानं पर्स उचलली. "शुक्रवारची हजेरी लागली आहे माही."

शुक्रवार

कॉलेजचं कार्यालय स्वच्छ होतं आणि तिथल्या मॅडम सौजन्यानं बोलत होत्या, त्यामुळे ताराचंदला आधी कळलंच नाही की वाईट बातमी सांगितली जात आहे.

"दाखला अगदी बरोबर आहे हो तुमचा," मॅडम म्हणाल्या. "पण सकाळी एक विद्यार्थी आला. वैभव नावाचा. त्याला त्र्याऐंशी पूर्णांक आठ आहेत. स्थानिक आहे, रहिवासी दाखला जोडलाय. यादी गुणांवर लागते, त्यामुळे जागा त्याला गेली."

"असं कसं? बुधवारपर्यंत यादीत पह्यलं नाव माह्या पोरीचं होतं."

"बुधवारपर्यंत तो बाहेरच्या राज्याच्या यादीत होता. बालाघाटचा पत्ता होता त्याचा. पण त्याचा इथला दाखला सोमवारीच मंजूर झालाय म्हणे. मामाकडे राहतो, मनीषनगरात, जन्मापासून." मॅडमनी फाईल फिरवून त्यांच्यासमोर धरली. "हे बघा, सगळं जोडलेलं आहे. साक्षीदारांसहित."

ताराचंदनं चष्मा लावायला खिशात हात घातला. रुचिकाला चष्म्याची गरज नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "ही सही तुमची होय ना?"

सही सरळ होती. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.

रुचिका रडली असती तर बरं झालं असतं. तिनं दाखल्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "चला," ती म्हणाली. "इथे लोकं वाट पाहून राहिले."

ताराचंदनं तिला घरी पाठवलं आणि तो केंद्राकडे निघाला. वाटेत त्यानं सुशीलला फोन लावला.

"भाऊ, तुमचा भाचा आमच्या रुचिकाच्या जागेवर बसला गा."

"अरे बाप्पा!" सुशील कळवळला. तो कळवळा खोटा नव्हता. "मले काय माहीत, भाऊ? तुमची पोरगी नर्सिंगलेच जाऊन राहिली हे मले माहीत असतं, तर दुसऱ्या कोणाची सही घेतली असती."

केंद्रात शुकशुकाट होता. सगळे हजर होते, त्यामुळे कोणीही आलं नव्हतं. फक्त रजत सर्व्हरजवळ बसला होता आणि मनोहरराव आपल्या टेबलाशी पेपर वाचत होते. शुक्रवार संपल्याचं त्यांच्या घरी मान्य झालं नव्हतं.

"मले तक्रार द्यायची आहे," ताराचंद म्हणाला.

"सिस्टीममध्ये आज संपला आहे," मनोहरराव पेपरआडून म्हणाले.

"मंग कागदावर घ्या."

मनोहररावांनी घड्याळात पाहिलं. साडेतीन झाले होते. "कागदावर घेता येईल," ते म्हणाले. "कोणाविरुद्ध?"

ताराचंदनं कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. एक ओळ लिहून तो थांबला, ती खोडली, पुन्हा लिहिली. मग कागद फिरवून पुढे सरकवला.

मनोहररावांनी वाचलं : "मी ताराचंद धकाते, मी न पाहिलेल्या गोष्टीवर साक्षीदार म्हणून सही केली. एक नाही, सतरा. त्यातल्या एकीमुळे माझ्या मुलीची जागा गेली. त्या सतराही सह्या रद्द कराव्यात."

पेपरची घडी घालून त्यांनी ती बाजूला ठेवली.

"धकाते, तुमच्या पोरीच्या फॉर्मवर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं? तुमच्या सतरा रद्द करायच्या, तर त्याही रद्द होतील. मग तिचा दाखलाही जाईल."

"तिचा खरा आहे."

"खरा आहे हे मला माहीत आहे. पण मी अधीक्षक आहे, माझ्या माहीत असण्याला काही अर्थ नाही." हे मनोहरराव अगदी साधेपणानं बोलले. तेहेतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "ठेवायची तक्रार?"

ताराचंदनं पेन घेऊन कागदावरचा 'सतरा' हा शब्द आणखी ठळक केला.

"ठेवा," तो म्हणाला.

"मग दोन साक्षीदार लागतील. असे, ज्यांनी स्वतः नमुना प-२ भरला नाही आणि ज्यांना सगळा प्रकार सुरुवातीपासून ठाऊक आहे. पाचच्या आत. नाहीतर सोमवारी कॉलेजची यादी अंतिम होते."

ताराचंदनं गोदामात फोन केला. गोदामातल्या चौघांनी मेसेज पाहिला होता, पण चौघांनीही गुरुवारी सुट्टी काढून फॉर्म भरला होता. शेजारी? शेजाऱ्यांचं सोमवारी बरंच काही मंजूर झालं होतं. दीक्षा फोनवर म्हणाली, "काका, मी आता सीताबर्डीत आहे, म्हणजे मी तिथे हजर आहे, मी काय सांगू?" सव्वाचार वाजले.

कोपऱ्यातून रजत उठला. "मी करतो सही," तो म्हणाला. "माझं कंत्राट गुरुवारी रिन्यू व्हायचं होतं. रांगेच्या गडबडीत माझा फॉर्म भरायचा राहिला. सिस्टीमच्या हिशेबानं मी इथे नाहीच, मले कोण काय करणार आहे?" त्यानं खुर्ची ओढली आणि पहिल्या साक्षीदाराच्या जागी सही केली.

दुसरी जागा रिकामी आहे.

सगळा प्रकार सुरुवातीपासून ठाऊक असलेला, रांगेत उभा नसलेला, कोणाचंही काही घेणं-देणं नसलेला असा आता एकच माणूस शिल्लक आहे. ताराचंदनं कागद फिरवून त्याच्याकडे धरला आहे आणि वर पेन ठेवलं आहे.

*साक्षीदार क्र. २*
*नाव : ..................*
*आपण हे सर्व वाचले आहे काय? (होय)*
*सही : ..................*

पाचला दहा मिनिटं आहेत. काय म्हणता? तुमचा याच्याशी काय संबंध? बरोबर आहे. रांगेतही प्रत्येकजण हेच म्हणत होता, फक्त तो सही करून म्हणत होता. तुम्ही मघापासून हसत होता, हे ताराचंदनं पाहिलं आहे. त्याची काही तक्रार नाही. पण हसण्यासाठी या नमुन्यात रकाना नाही.